माटवीचा भार

वारा : ताशी ३१ किलोमीटर

खारवाडीत त्या सकाळी कुणीही घाबरलेलं नव्हतं. वादळ समुद्रात दोनशे किलोमीटरवर होतं, दुपारी तीनच्या सुमारास ते किनाऱ्याला लागणार होतं आणि वाडीत वाऱ्याचा जोर ताशी एकशे अठरापर्यंत जाणार होता. हे सगळं शेळ्या सोडल्या तर वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्याशा दूरच्या देशाने वादळाला नाव दिलं होतं. ते जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला नुसतं 'तो' म्हणत. "तो जेवणानंतर येतलो," असं बायका एकमेकींना सांगत होत्या, आणि त्या बेताने मासे तळायला टाकत होत्या.

पंधरा वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा वादळ येणार म्हटलं की सगळा किनारा उठवायचे. निम्मी माणसं उठायची, निम्मी बसून राहायची, आणि उठलेली माणसं दुसऱ्या दिवशी बसलेल्यांची टिंगल ऐकत परत यायची. मग वारांक आला.

वारांकाचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. ते पट्ट्याने घराच्या मधल्या खांबाला बांधायचं. यंत्र खांबाला चाळीस टिचक्या मारतं आणि प्रत्येक टिचकीनंतर घर किती वेळ थरथरतं ते ऐकतं. सैल घर बराच वेळ थरथरत राहतं. घट्ट घराची थरथर लगेच मरते. फणस ठोकून तो पिकला की नाही हे ओळखणाऱ्या बायकांना यात काही नवीन वाटलं नाही; त्या यंत्राला 'फणशा' म्हणू लागल्या. त्या थरथरीवरून दूरच्या शहरातला संगणक त्या घराची एक नक्कल उभी करतो, तिच्यावर साठचा, सत्तरचा, शंभरचा वारा सोडतो, आणि ती नक्कल दहा हजार वेळा पाडतो. ज्या वेगाला छप्पर हार मानतं तो आकडा म्हणजे त्या घराचा वारांक.

सरकारी कागदावर वारांक, वाडीत कौल. देवळात पाषाणाला कळ्या लावून देवाला प्रश्न विचारतात आणि उजवी कळी पडली की डावी यावरून देवाचं उत्तर घेतात, तो कौल. एकदा मिळालेला कौल पुन्हा मागत नाहीत. आकड्याचंही तसंच झालं. लोकांनी तो दारावर रंगवला. सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडचे चहा घेता घेता सहज विचारायचे, "कौल कितको?" शंभराच्या आतला आकडा असलेल्या घरातल्या मुलांची लग्नं रखडली. आणि जिल्ह्याने वादळ-निवारे बांधणं बंद केलं. कुठलं घर टिकणार हे माहीत असताना निवारा कशाला? वादळाआधी यादी यायची. कमी कौलाच्या घरातल्या माणसांनी शेजारच्या मोठ्या कौलाच्या घरात मुक्कामाला जायचं, एवढंच.

यादीप्रमाणे खारवाडीच्या अठ्ठ्याऐंशी घरांपैकी सव्वीस घरं मुक्कामाची होती. ती सगळी घरं तीन वर्षांपूर्वी एका हाताने मोजली होती. तो हात हेमांगी केळुसकरचा. ती तीन गावांची वारामापक होती, वय पस्तीस, माहेर खारवाडीतलंच.

वारा : ताशी ५२ किलोमीटर

आबांच्या घराला लग्नघराची कळा आली होती. आबा म्हणजे भालचंद्र केळुसकर, हेमांगीचे वडील, वय चौऱ्याहत्तर, तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यांच्या दारावर १४२ हा आकडा गाडीच्या पाटीसारखा काळ्यावर पिवळा रंगवलेला होता. वाडीतला सगळ्यात मोठा कौल. यादीने त्यांच्याकडे सतरा माणसं पाठवली होती आणि आबा प्रत्येकाला जागा नेमून देत होते.

"फुडे सरका, फुडे सरका. म्हातारी मानसा मधी बसा, धक्के कमी लागतत," आबा म्हणाले. मग हेमांगीला बघून, "सतरा म्हटल्यानी आणि सतरा इलेत. अशी भरलेली गाडी माका तीस वर्सांत गावाक नाय."

"गाडी भरली, पण डायवर म्हातारो झालो," जयश्री मेतर म्हणाल्या. त्या शेजारच्या. बांगड्याची पाटी डोक्यावर घेऊन चार गावं फिरलेल्या, त्यांच्या तोंडाला कोण लागणार?

"डायवराक बघू नको, बॉडी बघ. एकशेबेचाळीस!"

"ऐकलंय रे. सकाळपासून चौदा वेळा सांगलंस. माज्या घराचो कौल एक्याऐंशी, म्हणान हय इलंय. नायतर तुजा दार कोण बघता!"

सतरा माणसं हसली. हेमांगीही हसली, उभ्याउभ्या चहा घेतला आणि निघाली.

"जेवूक येतलंस मां गो?" आबांनी विचारलं.

"बघतंय."

वारा : ताशी ६४ किलोमीटर

अनंत तारीचं घर समुद्राच्या अंगाला. कौल एकशे एकतीस, मुक्कामाला नऊ माणसं. हेमांगी त्याच्या अंगणात पोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत मागच्या पडवीचं छप्पर वाशांसकट उचललं गेलं. फार आवाज झाला नाही. छप्पर उठलं, माडाला घासलं आणि विहिरीवर जाऊन बसलं.

कुणाला लागलं नव्हतं. अनंत दारात येऊन विहिरीकडे बघत राहिला.

"एकशे एकतीस ना गो?" तो म्हणाला. "काय वाऱ्याक वाचूक येयत नाय?"

वाऱ्याचा वेग हेमांगीच्या मनगटावरच्या पट्टीत दिसत होता. चौसष्ट. ती गोठ्याच्या आडोशाला गेली आणि या घराची जुनी नोंद उघडली. आकडे, सही, तारीख, आणि पुरावा म्हणून काढलेला फोटो. मधला खांब, त्याला पट्ट्याने बांधलेलं यंत्र. सगळं रीतसर.

फोटोच्या वरच्या काठावर एक तवसं, पावसाळी मोठी काकडी, लोंबत होतं.

तिने फोटो मोठा केला. तवसं, त्यामागे नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, केळ्यांचा एक अख्खा घड. माटवी. गणपतीच्या डोक्यावर, छताच्या वाशांना बांधलेली लाकडी चौकट, रानातली नि परसातली सगळी फळं अंगावर घेऊन टांगलेली.

तिने दुसरं घर उघडलं. माटवी. तिसरं. माटवी. आबांचं. माटवी, आणि तिच्याखाली हसणारे आबा.

अठ्ठ्याऐंशी घरांपैकी चाळीसेक घरांना वर्षभर कुलूप. ती उघडतात फक्त चतुर्थीला, मुंबईहून चाकरमानी आले की. म्हणून तिनेच ठरवलं होतं, खारवाडी चतुर्थीच्या पाच दिवसांत उरकायची. एका फेरीत सगळी घरं. वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली होती.

माटवी मणभर वजनाची. तिच्या ओढीने वाशांच्या सैल खुंट्या खाली बसतात, सांधे आवळतात, आणि घराची थरथर पटकन मरते. यंत्राला ते घर घट्ट वाटतं. पाच दिवसांनी गणपती जातो, माटवी उतरते, खुंट्या पुन्हा सैल होतात. यंत्राला हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्या शहरात ते यंत्र घडलं तिथे छताला कुणी केळी बांधत नसावेत.

घर-मापन अर्ज, प्रश्न क्रमांक १४

छतावर अतिरिक्त भार आहे काय? (पाण्याची टाकी, सौर पत्रे, साठवलेले सामान इ.)

खारवाडी, घरे : ८८.
उत्तर होय : ०.
उत्तर नाही : ८८.

यात तिने काही खोटं लिहिलं नव्हतं. माटवी छतावर नसते, छताखाली असते. आणि देवापुढच्या माटवीला भार म्हणायचं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

वारा : ताशी ६९ किलोमीटर

जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कुलथे नावाचा माणूस बसला होता. आवाजावरून जेवलेला वाटत होता.

"मॅडम, नवीन वाचन टाका. यादी आपोआप बदलते."

"पन्नासच्या वर वारा असला की वाचन होत नाही. यंत्राला वाऱ्याची थरथर आणि टिचकीची थरथर वेगळी ओळखता येत नाही."

"बरोबर आहे. मग यादी बदलत नाही."

"साहेब, सगळे आकडे फुगलेले आहेत. माटवी होती ना घराघरांत."

"कोण मावशी होती?"

"माटवी!"

मग कुलथे समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, खरा आकडा किती ते सांगता येतंय का तुम्हाला?"

"नाही. कुठलं घर नव्वदचं, कुठलं एकशेतीसचं, काहीच सांगता येत नाही."

"मग? आत्ता लोक छपराखाली आहेत. तुम्ही त्यांना बाहेर काढणार, वर सड्यावरच्या शाळेत नेणार. दोन किलोमीटर. वाटेत कुणाच्या डोक्यात माडाची झाप पडली तर सही कुणाची? वाचन नसताना मुक्कामाचं घर रिकामं केलं तर नोकरी जाते, हे मी सांगायला नको."

"नको."

"जपून राहा," कुलथे म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला. फोन ठेवला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायला म्हाताऱ्यांना पाऊण तास लागतो. नव्वदच्या वाऱ्यात माणूस चढ चढू शकत नाही, आणि नव्वद अडीचला येणार होता.

वारा : ताशी ७३ किलोमीटर

"घर सोडूचा आसा. सगळ्यांनी. शाळेत," हेमांगी आबांच्या दारातून म्हणाली.

कुणाच्या तरी हातात पत्ते होते, ते तसेच राहिले.

तिने माटवीचं सांगितलं. खुंट्यांचं सांगितलं. अनंताच्या पडवीचं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग जयश्रीकाकींनी विचारलं, "म्हंजे देवाची माटवी खोटी?"

"माटवी खोटी नाय काकी. माजो आकडो खोटो."

"मगे खरो कितको?"

इथे अडचण होती. खरा आकडा नव्हताच. 'माहीत नाही' हे उत्तर प्रामाणिक होतं आणि त्या उत्तरावर या खोलीतलं एकही माणूस पायात चप्पल घालणार नव्हतं. वारांक आल्यापासून सरकारने त्यांना हेच शिकवलं होतं, आकड्याशिवाय हलू नका.

आबा उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा यजमान गेला होता.

"हेमा," ते म्हणाले, "ह्या घरात तू जल्माक इलंस. ह्या घराचो कौल तूच दिलंस. तो मी दारार रंगवलंय. एकच सांग माका. तेव्हा चुकलंस, काय आता चुकतंस?"

"तेव्हा."

"कशावरना?"

तिने पिशवीतून यंत्र काढलं. मधल्या खांबाला पट्टा आवळला. कळ दाबली. टिक, टिक, टिक. बाहेर माड एकमेकांवर आपटत होते. चाळीस टिचक्या संपेपर्यंत सतरा माणसं श्वास धरून राहिली. आबा तिच्या खांद्याशी उभे होते.

यंत्राच्या काचेवर दोन शब्द उमटले : वाचन अशक्य.

"सत्त्याण्णव," हेमांगी म्हणाली.

शंभर म्हणाली असती तर कुणी मानलं नसतं. गोल आकडा म्हणजे अंदाज, हे तिला तीन गावांच्या अनुभवाने माहीत होतं. नोकरीच्या बारा वर्षांत तिने कधी एका किलोमीटरचाही फरक केला नव्हता. आबांना एकशेबेचाळीस सांगताना तिने तीनदा पडताळून पाहिलं होतं, मुलगी म्हणून जास्त दिला असं कुणी म्हणू नये म्हणून.

आबांची चाळिशी कपाळावर होती. ती त्यांनी डोळ्यांवर ओढली आणि वाकून काचेकडे पाहिलं. दोनच शब्द, पण वाचायला त्यांनी वेळ घेतला. मग चाळिशी काढून सदऱ्याला पुसली.

"सत्त्याण्णव," आबा म्हणाले. "उठा सगळी. गाडी फुडे जावची नाय."

"अरे पण भालू—"

"जयश्री, ब्रेक गेल्यार पॅसेंजराक विचारनत नाय. उठ."

एकशेबेचाळीसचं घर रिकामं होताना वाडीने पाहिलं. पुढच्या पंचवीस घरांत हेमांगीला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वारा : ताशी ११९ किलोमीटर

शाळेच्या चार खोल्यांत दोनशे नव्वद माणसं. भिंती चिऱ्याच्या, वर स्लॅब. तासभर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. एका कोपऱ्यात कुणीतरी देवाला गाऱ्हाणं घालत होतं. त्याचे ओठ हलताना दिसत आणि थांबले की आजूबाजूचे ओठ 'व्हय म्हाराजा' असे हलत. हेमांगीने डोकी तीनदा मोजली. आबा समोरच्या भिंतीला टेकून बसले होते. चढणीवर त्यांनी तिचा हात धरला नव्हता आणि इथे आल्यापासून तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

वारा : ताशी ५८ किलोमीटर

"म्हशीक बघून येतंय," असं दारावरच्या माणसाला सांगून आबा निघून गेले. पावणेपाच वाजले होते. हेमांगीला ते दहा मिनिटांनी कळलं. इतरांना तिने चाळीसच्या खाली वारा येईपर्यंत सोडलं नाही. त्याला सव्वा तास लागला आणि त्या सव्वा तासात लोकांची तोंडं सुटली. संडास एकच होता. पाणी संपलं होतं.

वारा : ताशी ३६ किलोमीटर

खाली उतरताना बातम्या वर येत होत्या. लहान कौलाची घरं पुष्कळ गेली. ती जाणारच होती. मुक्कामाच्या सव्वीस घरांपैकी चार गेली. अनंत तारीचं राहिलेलं छप्पर गेलं. एका घराचं आढं मधोमध मोडून आतल्या खोलीत उतरलं. त्या खोलीत यादीप्रमाणे अकरा माणसं असती. पण ती चारही घरं समुद्राच्या अंगाला, आणि सड्यावरून येणाऱ्या वाटेवर पहिलं घर लागत होतं आबांचं.

ते जसंच्या तसं उभं होतं. एक कौल हललं नव्हतं. दारावरचा पिवळा आकडा पावसाने धुऊन चकचकत होता.

जयश्रीकाकी थांबल्या. त्यांच्या मागे तीस-चाळीस माणसं थांबली.

"सत्त्याण्णव गो," काकी म्हणाल्या. "एकशे एकोणीस वारो झालो आणि सत्त्याण्णवचा घर बघा कसा हसता!"

कुणीतरी खिदळलं. कुणी म्हणालं, चार पडली खरी, पण बावीस उभी आहेत की.

"भिजलेल्या कापडांनी चार तास मुतान कोंडून बसलंय मी," काकींचा आवाज चढला. "आता सांगान ठेवतंय. फुडच्या खेपेक ह्या चेडवान कितकोय आकडो सांगूं दे, मी हलतंय तर नाव बदला माजा!"

माना हलल्या. एक, मग दुसरी, मग बऱ्याच. समुद्र दर वर्षी थोडा अधिक तापत होता. पुढची खेप लांब नव्हती. तिच्या पुढे उभ्या असलेल्या या हलत्या माना ती मोजत राहिली, सवयीने.

तेवढ्यात आबा दारात आले. सदरा घामाने भिजलेला, श्वास फुललेला.

"कोणी भित्तर येव नुको," ते म्हणाले. "मधलो वासो तुटलो."

"काय सांगतंस भालू!"

"सांगतंय ता ऐक. वरना दिसना नाय. पण मधलो वासो तुटलो आणि छप्पर नुसता वजनार बसला हा. आणखी अर्धो तास वारो रवलो असतो, तर ह्या सतरा मानसांचा काय झाला असता ता माका विचारू नुको." ते जयश्रीकाकींकडे बघत होते. "तू मधी बसललंस. बरोबर खाली."

काकींनी तोंडावर पदर धरला. मघा खिदळलेला माणूस दुसरीकडे बघू लागला. मग काकी पुढे आल्या, हेमांगीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला आणि आपल्या मोडलेल्या घराकडे निघून गेल्या. त्यांच्या मागे बाकीचेही पांगले.

वारा : ताशी २२ किलोमीटर

नुकसानीची पाहणी वारामापकाने करायची असते. हेमांगी एकटी आत गेली. आबा तिच्या मागे येऊन उंबऱ्यात थांबले.

मधला वासा तुटलेला होता. वाऱ्याने मोडलेलं लाकूड पिंजतं, त्याचे तंतू बाहेर येतात, कुसळासारखे. हे लाकूड पिंजलं नव्हतं. करवतीचा सरळ काप होता, आणि त्याच्या आधी दोनदा करवत घसरल्याच्या आडव्या खुणा. हात सुताराचा नव्हता. खालची जमीन झाडून घेतलेली, तरी ओल्या लादीच्या फटीत भुसा चिकटून राहिला होता. वाशाखाली एक जाड टेकू उभा केलेला. छप्पर वीतभरही खचलेलं नव्हतं. वासा आपोआप तुटला असता तर टेकू लागेपर्यंत ते खचलं असतं. आधी टेकू लागला होता, मग करवत.

हे घर आबांनी स्वतःच्या पगारातून बांधलं होतं. छपराला पत्रा न घालता कौलंच घालायची, म्हणून दोन वर्षं थांबले होते.

हेमांगीने नोंद उघडली. भाग : छप्पर. घटक : मधला वासा. स्थिती : भंग. कारण या रकान्यापुढे तिचं बोट थांबलं.

"आबा, टेकू कधी लावलंस?"

आबा उंबऱ्यावर बसले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, ते त्यांनी मांडीवर पालथे घातले.

"मागसून," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनीही नजर वळवली नाही. दुपारनंतर पहिल्यांदाच.

कारणापुढे तिने 'वारा' लिहिलं. आणि खालच्या ओळीत, कुणी विचारलं नव्हतं तरी : टेकू मागाहून लावला.